अक्षराशेजारचा उच्चार : पूर्व आशियातील वाचनखुणांची परंपरा आणि ‘रूबी’

लिहिलेले अक्षर आणि त्याचा उच्चार यांचे नाते देवनागरी वाचणाऱ्याला इतके सहज वाटते की, त्याचा वेगळा विचार करण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. अपवाद आहेत. ‘जरा’ हा शब्द ‘थोडेसे’ या अर्थी एका प्रकारे आणि ‘वार्धक्य’ या अर्थी दुसऱ्या प्रकारे उच्चारला जातो. यांपैकी कोणता ‘ज’ अभिप्रेत आहे हे लिपी सांगत नाही, वाक्य सांगते. आपल्याकडे जो अपवाद, तो चिनी लिपीच्या घराण्यात नियम होय, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. तेथे अक्षर प्रथम अर्थाशी बांधलेले असते. उच्चार हा वाचकाने आधी शिकून आणावयाचा असतो. जपानीत तर एकाच अक्षराचे अनेक उच्चार संभवतात. जीवन, जन्म, कच्चेपणा अशा अर्थांचे एक अतिपरिचित अक्षर शब्दागणिक ‘सेइ’, ‘श्योऽ’, ‘इ’, ‘उ’, ‘नामा’ असे वेगवेगळे वाचले जाते. ज्याला उच्चार ठाऊक नाही त्याला तो सांगावयाचा कसा, आणि तो सांगणारी खूण कागदावर नेमकी कोठे ठेवावयाची, हे दोन प्रश्न या लिपीला जवळजवळ दोन हजार वर्षे चिकटून राहिले आहेत. संगणकाच्या पडद्यावर मजकूर येऊ लागला तेव्हा ते सुटले नाहीत. उलट अधिक काटेकोरपणे पुन्हा विचारले गेले.

प्राचीन चिनी भाष्यकारांचा उपाय साधा होता. श्यू शेन याने इसवी सन १०० च्या सुमारास रचलेल्या प्रसिद्ध अक्षरकोशात कित्येक अक्षरांपुढे ‘अमुक अक्षराप्रमाणे वाचावे’ एवढेच सांगितले आहे. ज्या अक्षराला समोच्चारी आणि सोपे दुसरे अक्षर सापडत नाही तेथे हा उपाय थांबतो. त्यातून ‘फान्‌च्ये’ ही दुसरी पद्धत निघाली. तिच्यात उच्चार दोन अक्षरांनी दाखवितात : पहिल्याचे आद्य व्यंजन घ्यावयाचे, दुसऱ्याचा उरलेला भाग स्वरभेदासह घ्यावयाचा, आणि दोहोंची सांधणी करावयाची. ‘पूर्व दिशा’ या अर्थाच्या अक्षरासाठी १००८ सालच्या ‘ग्वांगयुन’ या यमककोशात ‘सद्गुण’ व ‘तांबडा’ या अर्थांची दोन अक्षरे दिली आहेत; एकातून ‘त्’ आणि दुसऱ्यातून ‘उंग’ घेऊन ‘तुंग’ सिद्ध होते. ६०१ साली लू फायान याने संपादित केलेला ‘च्येयुन’ हा कोश याच पायावर उभा होता, आणि ‘ग्वांगयुन’ हा त्याचाच विस्तार होय.

फान्‌च्येची बुद्धिमत्ता मान्य करूनही तिचे दोन दोष सांगितले पाहिजेत. पहिला असा की, जी दोन अक्षरे उच्चार सांगतात त्यांचा स्वतःचा उच्चार वाचकाला येत असला पाहिजे. म्हणजे ही पद्धत साक्षराला अधिक साक्षर करते, निरक्षराच्या हाती काहीच देत नाही. दुसरा दोष काळाचा आहे. उच्चार बदलत गेले, पण कोशातील जोड्या बदलल्या नाहीत. वरील जोडी आजच्या मँडरिनमध्ये म्हणून पाहिली, तर सिद्ध होणारे अक्षर चढत्या सुरात येते. प्रत्यक्षात ‘पूर्व’ या शब्दाचा सूर सपाट व उंच आहे. भाषाशास्त्रज्ञाला हा दोष उपकारक ठरला आहे, कारण अशा विसंगतींवरूनच मध्ययुगीन चिनी उच्चारांची पुनर्रचना करता येते. वाचायला बसलेल्या विद्यार्थ्याला मात्र त्याचा उपयोग नाही.

अक्षराच्या उच्चाराचे असे दोन तुकडे करण्याची कल्पना चिनी पंडितांना बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरामुळे सुचली की स्वतंत्रपणे, याविषयी मतभेद आहे. पुढील टप्प्याविषयी तसा संशय उरत नाही. तांग व सुंग काळांतील यमकतक्त्यांत आद्य व्यंजने ओठ, जीभ, दात, घसा अशा उच्चारस्थानांप्रमाणे लावलेली आढळतात. आणि ही मांडणी कोठून आली हे वर्णमाला तोंडपाठ असलेल्या वाचकाला सांगावयास नको. जपानात हा ठसा अधिक ठळक आहे. कूकाय (७७४–८३५) हा भिक्षू ८०४ साली चीनला गेला व ८०६ साली परतला. त्याने आणलेल्या ग्रंथांत सिद्धम् लिपीतील संस्कृत पोथ्या होत्या. सिद्धम्-अभ्यासाची जी परंपरा तेथे रुजली तिच्यातील म्योऽगाकू या भिक्षूने १०९३ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात जपानी उच्चारांचा पन्नास घरांचा तक्ता विवेचिला आहे. आज जपानी शब्दकोश त्याच्याच क्रमाने लावतात : अ, इ, उ, ए, ओ, आणि ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व. या क्रमात ‘स’ ही ओळ च-वर्गाच्या जागी आणि ‘ह’ ही ओळ प-वर्गाच्या जागी आहे. आजच्या ‘ह’चा प्राचीन उच्चार ‘प’ होता असे जपानी भाषाशास्त्र मानते, आणि हा क्रम त्या मताशी पूर्ण जुळतो.

जपानी वाचकापुढील अडचण मात्र चिनी वाचकाहून वेगळी होती. त्याला परभाषेतील ग्रंथ, तिचाच मजकूर डोळ्यांपुढे ठेवून, स्वभाषेत वाचावयाचा होता. चिनीत क्रियापद कर्माच्या आधी, जपानीत वाक्याच्या शेवटी. चिनीत विभक्तिप्रत्यय नाहीत, जपानीत ते अनिवार्य. आठव्या शतकाच्या अखेरीपासून मठांतील अभ्यासकांनी मूळ अक्षरांना हात न लावता त्यांच्याभोवती खुणा करण्यास आरंभ केला. ‘ओकोतो-तेन’ नावाच्या पद्धतीत ठिपक्याचे स्थान हेच चिन्ह असे. अक्षराच्या कोणत्या कोपऱ्यावर वा कडेवर ठिपका आहे यावरून प्रत्यय कळावयाचा. एका सांप्रदायिक पद्धतीत उजव्या कडेच्या वरच्या दोन जागा अनुक्रमे ‘ओ’ व ‘कोतो’ दाखवीत, त्यावरूनच हे नाव पडले. प्रत्येक पंथाची ठिपक्यांची किल्ली निराळी होती. एका मठात शिकलेला भिक्षू दुसऱ्या मठातील खुणा वाचू शकेलच असे नव्हते, आणि कदाचित तसा तो वाचू नये हीच इच्छा असावी. शेंदरी शाईत, पांढऱ्या शाईत, आणि काही वेळा शाईवाचून केवळ टोकदार लेखणीने कागदावर उमटविलेल्या खळग्यांतही या खुणा आढळतात. शेवटचा प्रकार तिरप्या प्रकाशातच दिसतो. कोबायाशी योशिनोरी या विद्वानाने त्याच्या शोधासाठी आयुष्यातील मोठा काळ वेचला.

याच समासात काताकाना लिपीचा जन्म झाला. ओळींमधील अरुंद जागेत घाईने उच्चार टिपण्यासाठी चिनी अक्षराचा एखादाच अवयव घ्यावयाचा, या सवयीतून ही अक्षरे नवव्या शतकात आकारास आली. म्हणजे आधी लिपी व मग तिने केलेली टीप, असा हा क्रम नाही. टीप करता करता लिपी झाली. पुढे शतकानुशतके काना हे चिनी अक्षराचे सेवक मानले गेले, पण त्यांच्यावाचून धन्याला बोलता येत नव्हते ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही.

कोरियात पंधराव्या शतकात थोड्या अवधीत या श्रेष्ठ-कनिष्ठतेचे दोन्ही बाजूंनी प्रयोग झाले. राजा सेजोंग याने १४४६ मध्ये नवी वर्णमाला प्रसिद्ध केली. त्यानंतर लवकरच छापल्या गेलेल्या एका बुद्धचरित्रात चिनी अक्षर मोठे व त्याखाली कोरियन उच्चार लहान आहे. त्याच सुमारास राजाच्या नावावर असलेल्या बुद्धस्तुतिपर काव्यात कोरियन अक्षर मोठे व चिनी लहान आहे. ठसा तोच, माहिती तीच. केवळ आकार बदलला, आणि कोण कोणाचे स्पष्टीकरण करीत आहे हे उलटले.

जपानातील मुद्रणाच्या इतिहासात येथे एक वळण असे आहे की ते गोव्यावरून जाते. जेझुइट मिशनरी वालिन्यानो याच्या पुढाकाराने युरोपला गेलेले चार जपानी तरुण परतताना गोव्यात थांबले. त्यांच्यापैकी हारा मार्तिन्हो याचे लॅटिन भाषण १५८८ मध्ये गोव्यातच छापले गेले. त्यांच्याबरोबरचा छापखाना १५९० मध्ये जपानात पोहोचला. या छापखान्याने १५९८ मध्ये ‘राकुयोऽश्यू’ हा अक्षरकोश काढला. त्यात चिनी अक्षराच्या उजवीकडे चीनमधून आलेला उच्चार आणि डावीकडे देशी जपानी वाचन अशी दुहेरी योजना आहे. सुट्या धातूच्या ठशांनी ओळीच्या दोन्ही बाजूंस इतकी बारीक अक्षरे बसविणे हे तत्कालीन मुद्रकाचे मोठेच कौशल्य म्हटले पाहिजे. धर्मप्रसारकांना वाचनाची ही गुंतागुंत इतकी जाणवली याचे कारण उघड आहे : ते स्वतः प्रौढ वयात ही लिपी शिकत होते.

सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुटे ठसे मागे पडले आणि लाकडी ठोकळ्यांवर सबंध पान कोरण्याची जुनी कला पुन्हा सर्वत्र रूढ झाली. व्यापारी कारणे होतीच. पण समासातील खुणा हेही एक कारण अभ्यासक देतात. कोरणाऱ्याला अक्षराशेजारी चार बारीक रेघा अधिक कोरणे जड जात नाही. ठसे जुळविणाऱ्याला प्रत्येक बारीक अक्षर म्हणजे एक नवा तुकडा व त्याभोवतीच्या रिकाम्या जागेचे दहा तुकडे. एदो काळातील रंजक साहित्यात फुरिगाना, म्हणजे अक्षराशेजारी ‘जोडलेले काना’, विपुल झाले, आणि त्यांनी आपली मूळ चाकरी ओलांडली. ताकिझावा बाकिन याने १८१४ ते १८४२ या काळात खंडशः प्रसिद्ध केलेल्या ‘हाक्केन्-देन’ या प्रचंड कादंबरीत भारदस्त चिनी शब्द ओळीत आणि त्याच अर्थाचा घरगुती जपानी शब्द त्याच्या कडेला, अशी मांडणी पदोपदी आढळते. डोळा एक शब्द वाचतो, जीभ दुसरा उच्चारते. अशा ठिकाणी फुरिगानाला ‘उच्चारदर्शक’ म्हणणे अपुरे आहे. तो ओळीला समांतर चाललेला दुसरा मजकूर होय. पुढील यंत्रयुगातील बराच घोटाळा या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे उद्भवला आहे.

१८६९ मध्ये शांघायच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या छापखान्यातील विल्यम गॅम्बल याच्याकडून नागासाकीच्या मोतोकी श्योऽझोऽ (१८२४–१८७५) याने ठसे पाडण्याची विद्युत्-विलेपनाची रीत शिकून घेतली. तिच्यातून जपानी ठशांची क्रमांकवार मापे रूढ झाली. पुस्तकाच्या मजकुरासाठी पाच क्रमांक, म्हणजे सुमारे साडेदहा पॉइंट. त्याच्या कडेच्या फुरिगानासाठी सात क्रमांक, म्हणजे सव्वापाच पॉइंट. इंग्रज मुद्रक आपल्या ठशांच्या मापांना रत्नांची नावे देत. त्यांचा साडेपाच पॉइंटचा ठसा ‘रूबी’, अर्थात् माणिक. सात क्रमांकाचा ठसा त्याच्या जवळचा म्हणून जपानी जुळाऱ्यांनी ते नाव उचलले व त्याचे ‘रुबि’ केले. ठशाचे नाव खुणेला मिळाले. शंभराहून अधिक वर्षांनी तेच इंग्रजीत परत जाऊन संगणकीय संकेताचे नाव झाले. नावापुरती तरी ही परतफेड पूर्ण झाली.

ही अक्षरे दोन मिलिमीटरहूनही लहान. एवढ्या मापात काही अक्षरांची लघुरूपे वेगळी दिसत नाहीत म्हणून रूबीत ती मोठीच घालण्याचा प्रघात पडला. जपानीत ‘रुग्णालय’ व ‘केशभूषालय’ हे शब्द कानामध्ये लिहिले, तर त्यांत फरक असतो तो केवळ एक ‘यो’ लहान की मोठा एवढाच. रूबीत तोही पुसला जातो. खाली चिनी अक्षरे असतात म्हणून निभावते. टीप मजकुराचा उलगडा करते हे खरे, पण मजकूरही टिपेचा उलगडा करीत असतो.

मेजी काळात या खुणेला प्रथमच उघड सामाजिक अर्थ आला. सुशिक्षितांची ‘मोठी वृत्तपत्रे’ राजकारणाची चर्चा करीत व फुरिगाना देत नसत. ‘लहान वृत्तपत्रे’ शहरवार्ता व कथा देत आणि प्रत्येक चिनी अक्षराशेजारी काना छापीत. १८७४ मध्ये निघालेले ‘योमिउरी शिंबुन’ हे दुसऱ्या वर्गातील. स्त्रिया, दुकानदार, कारागीर असा वाचकवर्ग त्याने मिळविला तो या बारीक अक्षरांच्या जोरावर. पुढे मोठ्या पत्रांनीही ती स्वीकारली. जुळाऱ्याचे श्रम वाचावेत म्हणून अक्षर व त्याचा रूबी एकत्र ओतलेले ठसे वापरात आले. मात्र एका अक्षराला जितकी वाचने तितके वेगळे ठसे ठेवणे आले. एका वाचकाला अक्षरओळख व्हावी म्हणून दुसऱ्या कुणाला खिळ्यांच्या खणांपुढे दुप्पट उभे राहावे लागे, हा या लोकशिक्षणाचा हिशेब सहसा मांडला जात नाही.

या खुणेवर हल्ला झाला तो प्रतिगाम्यांकडून नव्हे. १९३८ मध्ये कादंबरीकार यामामोतो यूझोऽ (१८८७–१९७४) याने आपल्या एका पुस्तकाच्या अखेरीस फुरिगाना बंद करावेत अशी मागणी केली. सुसंस्कृत म्हणविणाऱ्या राष्ट्रात एकदा लिहिलेला मजकूर बहुसंख्य प्रजेला वाचता यावा म्हणून त्याच्या शेजारी दुसऱ्या लिपीत पुन्हा लिहावा लागतो, हे भूषणावह नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. लेखकांनी ज्याला टीप लागणार नाही असेच लिहावे, हे त्याचे खरे सांगणे. त्याच वर्षी गृहखात्याने बालवाङ्मयासंबंधी काढलेल्या सूचनांतही रूबीला विरोध करण्यात आला. तेथे मुलांच्या दृष्टीचे कारण पुढे केले होते. उदारमतवादी लेखक आणि प्रकाशनांवर नियंत्रण ठेवणारे खाते एकाच मागणीवर एकत्र आले, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. यामामोतोला वाचकाच्या हाती अधिक द्यावयाचे होते. खात्याला वाचकापर्यंत काय पोहोचते याची व्यवस्था लावावयाची होती.

युद्धानंतर १९४६ मध्ये दैनंदिन वापरासाठी १८५० अक्षरांची यादी शासनाने जाहीर केली आणि तिच्या सोबतच्या नियमांत ‘फुरिगाना तत्त्वतः वापरू नयेत’ असे घातले. यादी मर्यादित असल्याने टिपेची गरज उरणार नाही, ही अपेक्षा. वृत्तपत्रांतून ती बारीक अक्षरे जवळजवळ नाहीशी झाली. परंतु अपेक्षा सफळ झाली असे म्हणता येत नाही. यादीबाहेरचे अक्षर आले की शब्दाचा अर्धा भाग चिनी अक्षरात व अर्धा कानात लिहावा लागे. असे शब्द वाचणे सोपे नव्हे, उलट चमत्कारिक झाले. १९८१ च्या १९४५ अक्षरांच्या नव्या यादीला ‘मर्यादा’ऐवजी ‘मार्गदर्शन’ म्हटले गेले, आणि २०१० मध्ये ती २१३६ अक्षरांपर्यंत वाढविण्यात आली. दरम्यान रूबी मुलांच्या चित्रकथा-मासिकांतून तग धरून राहिला होता. तेथे तर बाकिनची जुनी क्लृप्ती नव्याने बहरली : ओळीत ‘विश्व’ या अर्थाचा शब्द, कडेला ‘आकाश’.

चीन व तैवान यांची वाट निराळी. पेकिंगमध्ये १९१३ साली भरलेल्या उच्चार-एकीकरण परिषदेने ध्वनिचिन्हांचा एक संच ठरविला व तो १९१८ मध्ये शासनाने जाहीर केला. आज त्यात ३७ चिन्हे आहेत. तैवानात ती जिवंत राहिली. तैपेइ येथे १९४८ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्वोयू रिबाव’ या दैनिकाने प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे ती छापून मुलांना, आणि मँडरिन नव्याने शिकणाऱ्या प्रौढांनाही, वाचावयास लावले. येथे ओळ आडवी असली तरी चिन्हे अक्षराच्या उजव्या अंगालाच, एकाखाली एक, उभी बसतात आणि सुराची खूण त्यांच्याही उजवीकडे जाते. मुख्य भूमीवर १९५८ मध्ये रोमन अक्षरांतील पिन्यिन मान्य झाले. ते अक्षराच्या डोक्यावर बसते. पण पिन्यिनचे शुद्धलेखन शब्दागणिक चालते आणि वरची टीप अक्षरागणिक. पाठ्यपुस्तकातील एकच ओळ त्यामुळे खाली एका व वर दुसऱ्या न्यायाने तोडावी लागते.

संगणकाने हा सारा वारसा एका सरळ रेषेतील चिन्हमालिकेत बसवू पाहिला. मालिकेत एकामागून एक चिन्हे येतात. ‘शेजारी’ अशी जागाच नसते. जपानातील प्रताधिकारमुक्त साहित्य १९९७ पासून संगणकावर उपलब्ध करून देणाऱ्या ‘आओझोरा बुंको’ या स्वयंसेवी ग्रंथालयाने साधा तोडगा काढला : शब्दानंतर दुहेरी कोनी कंसांत त्याचे वाचन, आणि शब्द कोठून सुरू होतो याचा संदेह असल्यास तेथे एक उभी रेघ. तिसऱ्या युनिकोड आवृत्तीत यासाठीच तीन अदृश्य चिन्हे घालण्यात आली, पण साध्या मजकुराच्या देवघेवीत ती वापरू नयेत असा सल्लाही सोबत होता. दुसरीकडे, ‘जे.आय.एस. एक्स ४०५१’ या जपानी मानकाने १९९३ पासून छापखान्यातील अलिखित संकेत नियमबद्ध केले. ‘निर्धार’ या अर्थाच्या एका अक्षराचे वाचन ‘कोकोरोझाशि’ असे पाच कानांचे आहे. अर्ध्या मापातही ते अडीच अक्षरांची जागा मागते. ते शेजारच्या कानावर थोडे झुकले तर चालेल, दुसऱ्या चिनी अक्षरावर झुकू नये, कारण ते त्याचेच वाचन आहे असा भ्रम होईल. जुन्या जुळाऱ्याची नजर येथे कलमांत उतरलेली दिसते.

वेबपृष्ठांवर रूबी दिसू लागला तो १९९९ मध्ये, इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ३१ मे २००१ रोजी ‘रूबी’ ही स्वतंत्र शिफारस प्रसिद्ध केली. तिच्यात एका वेष्टनाच्या आत मूळ मजकुरासाठी ‘आरबी’, टिपेसाठी ‘आरटी’ आणि ज्या ब्राउझरला रूबी कळत नाही त्याच्यासाठी कंस पुरविणारी ‘आरपी’ अशा खुणा होत्या. याखेरीज एक ‘संमिश्र’ प्रकार होता : मूळ अक्षरांचा एक गट, टिपांचा एक वा दोन गट, आणि त्यांची घरे परस्परांशी जुळवावयाची. दोन बाजूंस दोन टिपा देण्याची ही सोय म्हणजे १५९८ च्या ‘राकुयोऽश्यू’ची गरजच होय. मात्र ब्राउझर तयार करणाऱ्यांनी हा प्रकार क्वचितच उचलला.

वाद जुंपला तो वरकरणी क्षुल्लक अशा मुद्द्यावर. ‘तोऽक्योऽ’ हे नाव ‘पूर्व’ व ‘राजधानी’ या दोन अक्षरांचे. त्याची मांडणी ‘पूर्व, तोऽ, राजधानी, क्योऽ’ अशी आलटून पालटून करावी, की आधी दोन्ही अक्षरे आणि मग दोन्ही टिपा? पहिल्या रीतीत प्रत्येक टीप आपल्या अक्षराला घट्ट राहते, ओळ मध्येच तुटली तरी बिघडत नाही, आणि लिहिणाऱ्याला ती सोपी जाते. पण शब्दाचे तुकडे होतात : रूबी न कळणाऱ्या यंत्रावर प्रत्येक अक्षरानंतर कंस उघडतो व मिटतो, आणि मजकुराची नक्कल करून घेतल्यास अक्षरे व काना यांची खिचडी हाती येते. दुसऱ्या रीतीत शब्द अखंड राहतो, पण संकेत अवघड होतो. त्यातही ‘आज’ या अर्थाच्या शब्दाला कोणतीच वाटणी लागू पडत नाही. तो ‘हा’ आणि ‘दिवस’ या दोन अक्षरांनी लिहितात व ‘क्योऽ’ असे वाचतात. या वाचनाचा कोणता अंश कोणत्या अक्षराचा, या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण वाचन अक्षरांचे नसून सबंध शब्दाचे आहे. मुद्रकांनी ‘एकाक्षरी’ व ‘गट’ असे दोन रूबी-प्रकार मानले होते ते याचमुळे.

२०१४ च्या पाचव्या एच.टी.एम.एल. मानकात कन्सॉर्शियमने अक्षरगट व टीपगट यांसाठी ‘आरबी’ आणि ‘आरटीसी’ या खुणा ठेवल्या. फायरफॉक्सने २०१५ मध्ये त्या राबविल्याही. ब्राउझर-उत्पादकांनी चालविलेल्या ‘व्हॉट-डब्ल्यूजी’ या दुसऱ्या मंडळाने मात्र आपल्या मानकात तीनच खुणा मान्य केल्या आणि उरलेल्या कालबाह्य ठरविल्या. २०१९ मध्ये दोन्ही मंडळांत करार होऊन दुसऱ्या मंडळाचा ग्रंथ एकमेव प्रमाण झाला. सोपेपणाची सरशी झाली. ती अकारण झाली असे म्हणता येत नाही, कारण जी खूण फारसे कोणी राबवीत नाही ती मानकात असून नसल्यासारखीच. परंतु हा निर्णय प्रामुख्याने ब्राउझरची यंत्ररचना करणाऱ्यांच्या सोयीने झाला, आणि तैवानातील मुलांच्या पुस्तकाला लागणारी उजव्या अंगाची मांडणी त्यात दीर्घकाळ मागे राहिली, हेही नोंदविले पाहिजे.

सर्वांत गंभीर अडचण पडद्यावर दिसतच नाही. दृष्टिहीनांसाठी मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या यंत्राने रूबी आल्यावर काय करावे? अक्षर व टीप दोन्ही वाचली तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. केवळ मूळ अक्षर वाचावे, तर यंत्र उच्चाराचा अंदाज करणार, आणि तो अंदाज चुकतो म्हणूनच लेखकाने टीप दिलेली असते. केवळ टीप वाचावी हा उपाय योग्य भासतो. पाठ्यपुस्तकात तो योग्य आहेही. पण ‘विश्व’ लिहून ‘आकाश’ वाचावयास लावणाऱ्या लेखकाचे अर्धे वाक्य त्यात गळून पडते, आणि तैवानातील वा मेजी काळातील दुहेरी टिपेपैकी अर्थ सांगणारी टीपच वाचली गेली तर ते वाक्य वाक्यच राहत नाही. ‘आरटी’ ही खूण टीप आहे एवढेच सांगते. ती उच्चाराची, अर्थाची की शब्दलीलेची, हे सांगत नाही. कागदावर हे सांगण्याची गरज नव्हती, कारण निवड वाचकाच्या डोळ्यांकडे होती.

छापील ओळ सोडून शासनाच्या दप्तरात पाहिले तर हाच प्रश्न अधिक निकडीने पुढे आलेला दिसतो. जपानात नावासाठी कोणती अक्षरे चालतील यावर १९४८ पासून कायद्याचे बंधन आहे. ती कशी वाचावी यावर मात्र नव्हते. कुटुंबनोंदीच्या पुस्तकात, म्हणजे ‘कोसेकी’त, नावाचा उच्चारच नोंदलेला नसे. माणसाचे नाव काय ‘लिहितात’ हे राज्याला ठाऊक, काय ‘म्हणतात’ हे नाही. दप्तरे संगणकावर गेल्यावर एकाच माणसाची दोन खात्यांतील नोंद जुळविणे त्यामुळे अवघड होऊ लागले. २०२३ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि २६ मे २०२५ पासून कोसेकीत फुरिगाना नोंदणे सुरू झाले; आईबापांनी मुलाच्या अक्षरांना दिलेले वाचन सर्वसाधारणपणे रूढ मानले जाणारे असावे, अशी अटही घालण्यात आली. ही नोंद नावाच्या डोक्यावर नाही, तिच्यासाठी काताकानाचा स्वतंत्र रकाना आहे. जे हयात नाहीत त्यांच्या बाबतीत हा रकाना उपयोगाचा नाही. बाराव्या-तेराव्या शतकांतील कवी फुजिवारा याचे दोन अक्षरी व्यक्तिनाम ‘सादाइए’ असेही वाचतात व ‘तेइका’ असेही, आणि दोन्ही वाचने रूढ आहेत. राष्ट्रीय संसदीय ग्रंथालयाच्या सूचीत ग्रंथकाराच्या नावाबरोबर त्याचे वाचन नोंदविण्याची प्रथा आहे. अशा जुन्या नावांपुढे कोणते वाचन मुख्य धरावयाचे व कोणते त्याकडे बोट दाखविणारे, हे ठरविणे तेथील सूचिकारांकडे राहते.